काटा टाचेत, गाठ जांघेत

मे महिन्यात गावी गेलेलो, यावल तालुक्यात. आमच्या केळीच्या बागेला अजून बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे. पाणी सुटलं का बघायला साध्या चपलेवर गेलो आणि एक काटा चपलेतून आरपार टाचेत. उपसून फेकला, विषय संपला असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली, दाबली की ठणकायची. मोबाईल उघडला आणि अर्ध्या तासात स्वतःला कॅन्सरपर्यंत नेऊन पोचवलं. ओट्यावर आजी बसलेली, "कसा लंगडी ऱ्हायना रे?" गाठीचं सांगितलं तर गाठीकडे बघायचं सोडून म्हणे पाय दाखव. टाच लाल, मधे पिवळा ठिपका. "अवधाण शे ते." म्हणजे पायाच्या जखमेमुळे जांघेत येणारी गाठ. झालं निदान!

डॉक्टरांनी टाचेतून पू आणि काट्याचं मोडकं टोक काढलं. पू म्हणजे नुसती घाण असं मला वाटायचं, पण त्यात बऱ्याचशा मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात, न्यूट्रोफिल म्हणतात त्यांना, हाडातल्या मगजात रोज साधारण दहा हजार कोटी तयार होतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. गंमत म्हणजे हा शोधही काट्यावरूनच लागलाय. १८८२ साली मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं इटलीतल्या सिसिलीत तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटे टोचून ठेवले, दुसऱ्या दिवशी बघतो तर काट्यांभोवती पेशींचा गराडा. १९०८ ला त्याला नोबेल मिळालं.

आणि गाठ? जांघेत मुळातच बारीक गाठी असतात, एरवी जाणवत नाहीत. टाचेतल्या काही पेशी जंतूचा तुकडा घेऊन तिथे जातात. आपण पंपाचा तुटका नट घेऊन दुकानादुकानात फिरतो ना, याच्या मापाचं आहे का विचारत, तसंच. तिथल्या असंख्य पेशींतली एखादीच त्या तुकड्याला बरोब्बर बसते, मग तिच्या हजारो जुळ्या तयार होतात आणि गाठ सुजते.

धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं. आजीला वाटत होतं गोवरासारखा तोही एकदा झाला की परत होत नाही. पण त्याचं विष इतक्या कमी मात्रेत माणूस मारतं की तेवढ्यावर शरीर काही शिकतच नाही, वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते. हे ऐकून आजीनं कपाळाला हात लावला.

टाच आठवड्यात भरली. गाठ मात्र रेंगाळली, मी आपला रोज अंघोळीला चाचपून बघायचो, सुपारीची हरभऱ्याएवढी होईपर्यंत.