नवलगढच्या रंगवलेल्या हवेल्या

राजस्थानच्या शेखावाटीत, ठाकूर नवलसिंह यांनी १७३७ मध्ये वसवलेल्या नवलगढच्या गल्ल्यांतून हिंडताना माझे पाय पुन्हा पुन्हा थबकत होते, कारण इथल्या सावकारांनी घराची एकही भिंत कोरी ठेवलेली दिसत नाही. उंटांच्या तांड्यांवर चालणारा व्यापार बंदरांकडे आणि रेल्वेकडे वळला, तसे इथले मारवाडी व्यापारी कोलकाता-मुंबईला गेले. कमाई मात्र त्यांनी गावाकडच्या हवेल्यांवर सढळ हाताने खर्च केली.

ही चित्रे काढणाऱ्या कारागिरांना ‘चेजारे’ म्हणत, आणि गवंडीकाम व चित्रकाम ही दोन्ही कामे तेच करीत. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर दिलेला रंग गिलाव्याबरोबरच वाळून भिंतीत मुरतो. जुन्या चित्रांतले गेरू, काजळी आणि नीळ यांचे रंग त्यामुळे आजही टिकून आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून आलेले कृत्रिम रंग अधिक भडक आहेत; मला स्वतःला जुनी, शांत रंगसंगतीच भावते.

१९०२ मध्ये बांधलेल्या आणि आता संग्रहालय असलेल्या पोदार हवेलीत कृष्णलीलांच्या सोबतीला चक्क आगगाडीही आहे. ही हवेली उत्तम जपलेली आहे. तिथून परतताना मात्र एका कुलूपबंद हवेलीचे पोपडे सुटलेले जोते दिसले. त्यावरच्या हत्तीच्या सोंडेवर कोणीतरी जाहिरातीचा कागद चिकटवला होता, आणि त्याचा फाटका कोपरा गिलाव्यासकट निघून आला होता.