माझा अनुभव: केळीच्या बागेतले तीन शर्ट

आमचं युनिफॉर्मचं काम आहे सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, तीस मशीन. शाळेचे शर्ट-पॅन्ट, सिक्युरिटी गार्डचे ड्रेस, हॉस्पिटलचे एप्रन, हे रोजचं. मे-जूनमध्ये जेवायला फुरसत नसते आणि दिवाळीनंतर मशीनवर धूळ. दोन वर्षांपूर्वी अशाच धुळीच्या दिवसात मुंबईच्या एका एजंटचा फोन आला की एका छोट्या देशाच्या मिलिटरीला नवीन कॅमोफ्लाज युनिफॉर्म पाहिजे, अठराशे जवान, प्रत्येकी दोन सेट, सॅम्पल कराल का. देशाचं नाव सांगता येत नाही, तसं लिहून दिलंय. बेटावरचा देश, पाऊस भरपूर, झाडी दाट, एवढंच धरा.

मला वाटलं शिवायचंच तर आहे, शिवू की. पण डिझाइनच ठरलेलं नव्हतं. त्यांच्याकडे वेगवेगळ्या देशांनी मदत म्हणून दिलेले जुने ड्रेस, त्यामुळे परेडला एका रांगेत तीन तऱ्हेचे कॅमोफ्लाज. तिथल्या कमिटीने मोबाईलवर पीडीएफ बघून तीन डिझाइन बाजूला काढले होते. पहिला डिजिटल, म्हणजे बारीक चौकोनवाला. दुसरा मोठमोठे वेडेवाकडे हिरवे-तपकिरी पट्टे आणि त्यात बारीक ठिपके. तिसरा खाकीकडे झुकणारा.

आमचे कटिंग मास्तर पूर्व भागातले, घरी तेलुगू, बोलायला एकदम रोखठोक. प्रिंटआऊट बघून पहिलं वाक्य, "मालक, आपल्या आर्मीसारखं दिसत नाही ना ते बघा आधी, नायतर दोघं आत." बरोबर होतं त्यांचं. आपल्या आर्मीचा नवा युनिफॉर्म 15 जानेवारी 2022 ला आर्मी डे परेडमध्ये आला, निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेने केलेला, आणि त्याचं डिझाइन आर्मीने रजिस्टर करून घेतलंय, 10 वर्षं हक्क त्यांचाच आणि पुढे 5 वाढवता येतो. परवानगीशिवाय तसं कापड छापलं की लफडं. तिसऱ्या डिझाइनचा रंग मला जरा जवळ वाटला म्हणून मी तसं कळवून टाकलं.

त्यांचे एक मेजर व्हिडिओ कॉलवर असायचे, भला माणूस, पण त्यांचं मन डिजिटलवर बसलेलं, का तर मॉडर्न दिसतो. मी त्यांना अफगाणिस्तानचं सांगितलं. तिथल्या संरक्षणमंत्र्याला इंटरनेटवर बघून जंगलाचा कॅमोफ्लाज आवडला आणि तोच घेतला, आणि देशात जंगल किती, तर 2.1 टक्के! पैसा अमेरिकेचा होता, तर तिच्याच तपासणी खात्याने 2017 मध्ये रिपोर्ट दिला की यात 2 कोटी 80 लाख डॉलरपर्यंत जादा खर्च झाला असेल. मेजर हसले, म्हणाले आमच्याकडे तरी जंगल आहे. मग म्हणाले, तुम्हीच बघून सांगा ना कुठला चालेल.

आता सोलापुरात जंगल कुठून आणू? नान्नजकडचा माळ बघा, डिसेंबरात सगळा गवताळ पिवळा, तिथे हिरवा शर्ट लांबूनच ओरडतो. शेवटी डोक्यात आलं कंदरचं. करमाळा तालुक्यात, मामेभावाची केळी आहे तिथे. आत शिरलं की वरून पानं, खाली सावलीचे पट्टे, ओल, तसल्या बेटाच्या जवळ जाणारं आमच्या जिल्ह्यात दुसरं काय आहे मला तरी सुचलं नाही.

कापड अजून छापलेलं नव्हतं म्हणून कॉम्प्युटरवरून थेट छापणाऱ्या मशीनवर प्रत्येक डिझाइनचं दोन-दोन मीटर काढून तीन शर्ट शिवले आणि काठ्यांना अडकवून बागेत वेगवेगळ्या जागी उभे केले. मग घड काढायला आलेल्या एका मावशींना बांधावर उभं केलं आणि विचारलं, मावशी, बागेत कोण कोण दिसतंय? बघताक्षणी त्या म्हणाल्या, "त्यो मातकट कोण हुबा हाय?" म्हणजे डिजिटलवाला. चौकोन एवढे बारीक की चाळीस पावलांवरून सगळे मिसळून एकच रंग होतो आणि माणसाचा आकार सरळ दिसतो. खाकीवाला पण सापडला थोड्या वेळाने. मोठ्या पट्ट्यांचा काही दिसेना. मोठे पट्टे खांदा, छाती, हात तोडून टाकतात, डोळ्याला माणूस जुळवता येत नाही. मी खूश, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "तिकडं कायतरी चकाकतंय बघा." बटणं! शाळेच्या शर्टाची चकचकीत बटणं आमच्याच पोराने लावून दिलेली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. तिथेच ठरलं, डल बटण, आणि तेही पट्टीच्या आत झाकलेलं.

मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून पण पाठवले, त्यात रंगाची भुरळ जाते आणि फक्त गडद-उजळ उरतं. मेजर दोन दिवस गप्प होते, मग दुसऱ्या डिझाइनला हो म्हणाले. जाता जाता त्यांनी नेव्हीसाठी दोनशे सेट निळ्या कॅमोफ्लाजमध्ये मागितले. मी म्हटलं साहेब, अमेरिकेच्या नेव्हीने निळा कॅमोफ्लाज 2019 मध्ये बंद केला, माणूस पाण्यात पडला तर तोच दिसायचा नाही. तो विषय तिथेच संपला, आणि तसंही एवढ्याशा मीटरसाठी कुठला छपाईवाला स्क्रीन बनवणार, एका रंगाला एक स्क्रीन लागते.

खरी वाट लागली कापडात. त्यांना नायलॉन-कॉटन पाहिजे होतं, भाव ऐकून पॉली-कॉटन रिपस्टॉपवर आले, म्हणजे मध्ये मध्ये जाड धाग्याच्या चौकटी असलेलं, सहज न फाटणारं कापड, 210 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 210 ग्रॅम. छपाई अहमदाबादला. पहिला स्ट्राइक-ऑफ, म्हणजे छपाईचा नमुना तुकडा, आला, शेड छान, सगळे खूश. पण मिलिटरीच्या कापडाला रात्रीच्या दुर्बिणीतून पण टिकावं लागतं, इन्फ्रारेडमध्ये हिरवी पानं उजळ दिसतात आणि खोड-माती गडद, तर कापडातले रंग पण तसेच काही उजळ काही गडद दिसायला पाहिजेत. लॅबचा रिपोर्ट यायला वेळ होता म्हणून मी रात्री गोडाऊनमधली लाईट बंद करून तो तुकडा सीसीटीव्हीखाली खुर्चीवर टाकला, शेजारी कडुलिंबाची फांदी. अंधारात सीसीटीव्ही पण इन्फ्रारेडवरच बघतो. स्क्रीनवर बघतो तर पट्टे गायब! धोतर वाळत घातल्यासारखं पांढरं कापड. सकाळी छपाईवाल्याला फोन केला तर आधी म्हणे तुमचा कॅमेरा खराब असेल, मग हळूच कबूल केलं की कॉटनवर इन्फ्रारेडला चालणाऱ्या व्हॅट रंगाऐवजी स्वस्तातला रिअॅक्टिव्ह रंग मारलाय. सॅम्पलच आहे ना, म्हणे. तीन आठवडे गेले त्यात, आणि एजंटच्या शिव्या मी खाल्ल्या.

दुसऱ्या वेळी कॉटनला व्हॅट, पॉलिएस्टरला त्याचा डिस्पर्स रंग, आणि मी स्वतः तिथे उभा. त्यानंतर लॅबमध्ये पास झालं. मग मात्र फार काही नाही, शिलाई ही आमची रोजची भाकरी. एवढंच की छापाचा रिपीट 64 सेंटीमीटरचा, म्हणजे तेवढ्या अंतराने तेच डिझाइन परत येतं, त्यामुळे मार्कर, म्हणजे कापडावर कुठला तुकडा कुठे कापायचा तो आराखडा, नीट नाही बसवला तर दोन्ही खिशांवर एकच ठिपका येतो आणि छातीवर दोन डोळे उघडल्यासारखे दिसतात, मास्तरांनी असले चार शर्ट उसवायला लावले. एका सेटचा शर्ट आणि पॅन्ट एकाच ताग्यातून, हा पण त्यांचाच नियम.

सही-शिक्क्याचं सॅम्पल एक त्यांच्याकडे, एक माझ्या कपाटात. उरलेलं कापड करारानुसार कातरून नष्ट केलं, व्हिडिओ काढून पाठवला. वहिनी म्हणाल्या, बारक्याच्या गॅदरिंगला एक मीटर तरी ठेवायचं होतं की. नाही ठेवलं. बार्बाडोस, जमैका अशा देशांत तर साध्या माणसाने कॅमोफ्लाज घालणंच गुन्हा आहे, उगाच कशाला.

आता मागच्या महिन्यात जादा चारशे सेटची ऑर्डर आलीय आणि शेड आधीच्याच लॉटला जुळली पाहिजे, म्हणून कपाटातलं सॅम्पल बॅगेत टाकून उद्या परत अहमदाबाद.