फडावरच्या वस्तीचा साथरोग आराखडा

तालुक्याचा साथरोग आराखडा गावाच्या लोकसंख्येवर बेतलेला असतो. ऊसतोड कामगार त्यात बसतच नाही. रेशनकार्ड बीडच्या गावात, कोपी (राहायची झोपडी) कोल्हापूरच्या साखर कारखान्यापाशी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हजारो कुटुंबं अशीच तळांवर अडकली.

कुठली टोळी कुठल्या फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, आहे, हे आरोग्य खात्याआधी कारखान्याच्या शेतकी विभागाला कळतं. यादी तिथूनच घ्यावी. मात्र ती कोयत्यांची असते; एक कोयता म्हणजे ऊस तोडणारी दोघांची जोडी. तीस कोयते म्हणजे साठ माणसं, असा हिशोब केला की सोबतची पोरं आणि म्हातारी माणसं सुटतात. कोपी-कोपी फिरूनच मोजावं, तेही चुली पेटल्यावर. सकाळी अकराला गेलात तर तळावर तान्ही पोरं आणि त्यांना सांभाळणारी थोडी मोठी पोरं, एवढंच भेटेल.

बायकांची बैठक वेगळी घ्या. ज्याच्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली त्या मुकादमासमोर, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदारासमोर, कोण बोलणार? टोळीतल्या दोघी त्यांनीच निवडाव्यात, आशाताईंनी त्यांच्याशी थेट संपर्क ठेवावा. अशा बैठकीत पहिला विषय खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीच्या कपातीचा, निघतो. घरी राहिलं की पैसे कापले जातात, म्हणून जुलाब लागलेला माणूसही फडात जातो. एक आजारी पडला की जोडी मोडते, दुसऱ्याचंही काम थांबतं. तेव्हा साथीच्या काळात दोघांचाही खाडा धरायचा नाही, हे कारखाना आणि मुकादमाकडून हंगामाआधी लेखी घ्यावं. त्याशिवाय ‘लक्षणे दिसताच कळवा’ हा फलक म्हणजे नुसता रंगाचा खर्च.

पाण्याचं गणित भांड्यावर ठरतं. क्लोरीनची ०.५ ग्रॅमची गोळी २० लिटरला असते. पाणी फडक्याने गाळायचं, गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. पण कोपीत असतो दहा-बारा लिटरचा हंडा. त्यात अख्खी गोळी पडली की पाण्याला वास मारतो, पाणी ओततात आणि पुन्हा गोळीला कुणी हात लावत नाही. म्हणून गोळ्यांसोबत २० लिटरचा कॅनही द्या. ओआरएसचंही तसंच: मोठी पुडी एक लिटरला, ग्लासात ओतायची नाही. लिटरची रिकामी बाटली मापाला पुरते. पुड्या त्या दोघींकडे ठेवाव्यात, मुकादमाकडे नकोत.

टोळी हलली की चिटबॉयने (कारखान्याच्या फडावरच्या कर्मचाऱ्याने) त्याच दिवशी नव्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेला फोन करायचा. नाहीतर फड संपला की यादीही संपली.