मेनचा लॉबस्टर विकताना

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात, पोर्टलँड बंदरात, जिवंत लॉबस्टरची घाऊक विक्री करणाऱ्या एका कंपनीत मी रेस्टॉरंटांशी होणारा व्यवहार सांभाळतो. सकाळचा बहुतेक वेळ फोनवर जातो. आज माल किती आला, कोणत्या वजनाचा आहे, कवच कडक आहे की मऊ आणि दर काय, एवढे विचारून पूर्वी शेफ मागणी नोंदवत असत. आता त्यात आणखी एक प्रश्न कायमचा येऊन बसला आहे: हा लॉबस्टर आम्ही मेनूवर ठेवावा की नाही? या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात, म्हणून मी आधी ते सुटे करून घेतो. एक लॉबस्टरच्या संख्येचा आहे आणि दुसरा त्याला पकडताना वापरल्या जाणाऱ्या दोरांचा.

संख्येच्या बाबतीत इथले नियम कडक आहेत आणि मच्छीमारांना त्यांचा अभिमान आहे. मेनमध्ये लॉबस्टर जाळे ओढून पकडता येत नाही, पिंजराच लावावा लागतो, आणि एका मच्छीमाराला जास्तीत जास्त ८०० पिंजरे ठेवता येतात. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंतचे माप सवातीन इंचांहून कमी भरले तर लॉबस्टर परत पाण्यात जातो, आणि पाच इंचांहून जास्त भरले तरीही जातो, कारण मोठ्या वयाच्या जनावरांकडून होणारी वीण अधिक मोलाची असते. पोटाखाली अंडी धरलेली मादी सापडली की तिच्या शेपटीच्या पाकळीवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच पाडून तिला सोडतात; पुढे ती कोणाच्याही पिंजऱ्यात आली आणि त्या वेळी तिच्यापाशी अंडी नसली, तरी ती खाच पाहून तिला सोडावेच लागते. धंद्यातल्या माणसांनी पुढच्या पिढीसाठी हातातला माल सोडून द्यायचा, ही पद्धत मला इथे आल्यावर सर्वांत अधिक भावली.

तरीही माल घटतो आहे. २०१६ मध्ये मेनच्या किनाऱ्यावर १३ कोटी पौंडांहून अधिक लॉबस्टर उतरला होता; २०२४ मध्ये तो सुमारे ८ कोटी ६० लाख पौंडांवर आला. मेनच्या आखाताचे पाणी जगातील बहुतेक समुद्रांपेक्षा वेगाने तापत आहे. हेच तापणे सुरुवातीला मेनच्या पथ्यावर पडले होते, कारण दक्षिणेकडे, लाँग आयलंड साउंडसारख्या ठिकाणी १९९९ च्या मोठ्या मरतुकीनंतर लॉबस्टरचा धंदा जवळपास बसला असताना, इथले पूर्वी फार थंड असलेले पाणी पिलांना मानवू लागले होते. आता सर्वेक्षणांत लहान लॉबस्टर कमी दिसत आहेत, आणि पकडण्याजोगे होण्यास त्यांना साधारण सात वर्षे लागत असल्यामुळे आज न दिसलेले पिल्लू पुढच्या काही वर्षांच्या पिंजऱ्यांतही नसणार. अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांच्या मत्स्य आयोगाने म्हणूनच किमान माप एक षोडशांश इंचाने वाढवण्याचे ठरवले होते. तेवढ्या फरकाने आपला लहान माल हातचा जाईल आणि कॅनडाचे विक्रेते ती जागा घेतील, अशी भीती मच्छीमारांनी तीव्रपणे मांडली आणि २०२५ च्या आरंभी तो बेत मागे पडला. त्यांची भीती खरी होती हे मी रोजच्या दरांत पाहतो. तरीही ती वाढ व्हायला हवी होती, असे माझे मत आहे आणि धक्क्यावरही मी ते लपवत नाही.

दरांचे हेलकावे हा रेस्टॉरंटांच्या दृष्टीने तितकाच गंभीर विषय आहे. मच्छीमाराला मिळणारा सरासरी दर २०२१ मध्ये पौंडाला साडेसहा डॉलरच्या पुढे होता, २०२२ मध्ये तो चार डॉलरच्या आसपास कोसळला आणि २०२४ मध्ये पुन्हा सहा डॉलरच्या वर गेला. अशा स्थितीत वर्षभराचा एकच दर बांधून मागणाऱ्या शेफला मी नम्रपणे नकार देतो.

दुसरा प्रश्न अधिक जड आहे. उत्तर अटलांटिक राइट व्हेल या देवमाशाची संख्या चारशेच्याही खाली आहे. त्यातील प्रजननक्षम माद्या आणखीच थोड्या. पिंजऱ्यापासून पृष्ठभागावरच्या बोयापर्यंत, म्हणजे पिंजऱ्याची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपर्यंत, उभा जाणारा दोर त्याच्या तोंडात किंवा शेपटीभोवती अडकतो, आणि देवमासा तो दोर महिनोन्महिने तसाच ओढत राहतो. जहाजांच्या धडका हे त्याच्या मृत्यूचे दुसरे मोठे कारण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कोणते सागरी अन्न घ्यावे आणि कोणते टाळावे हे सुचवणाऱ्या, माँटेरे बे ॲक्वेरियमच्या ‘सीफूड वॉच’ या उपक्रमाने अमेरिकी आणि कॅनडाच्या लॉबस्टरला ‘टाळा’ असा लाल शेरा दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस शाश्वत मासेमारीला प्रमाणपत्र देणाऱ्या मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेने मेनच्या आखातातील लॉबस्टरचे प्रमाणपत्र निलंबित केले. ते निलंबन लॉबस्टरच्या संख्येमुळे नव्हते, देवमाशांच्या संरक्षणाच्या कायद्याची पूर्तता होते की नाही या मुद्द्यावर होते. पण रेस्टॉरंटच्या ग्राहकापर्यंत एवढा भेद पोहोचत नाही, त्याला फक्त लाल रंग दिसतो.

त्या काळात इथले सगळे विक्रेते एकच उत्तर देत असत: मेनच्या दोरात अडकून राइट व्हेल मेल्याची एकही नोंद नाही. जानेवारी २०२४ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या किनाऱ्याला तीन वर्षांची एक मादी मृतावस्थेत लागली, आणि तिच्या शेपटीत रुतलेल्या दोरावर मेनच्या मच्छीमारांसाठी ठरवून दिलेल्या जांभळ्या खुणा आढळल्या. त्या दिवसापासून ते उत्तर कोणालाही देता येत नाही. मेनच्या होड्यांनी ठरावीक ताणाला तुटणारे कमकुवत दुवे दोरांत बसवले आहेत, आणि एका दोराला अधिक पिंजरे बांधून उभ्या दोरांची संख्या घटवली आहे. शेफला मी या दोन्ही गोष्टी सांगतो. अर्धी सांगून माल खपवणे सोपे असते, पण ज्याच्या मेनूवर आपल्या बंदराचे नाव छापले जाते त्याला त्याचे ग्राहक जे विचारणार ते सगळे आधीच ठाऊक असले पाहिजे.

मग विकायचे काय आणि कसे, तर मालाच्या हंगामानुसार मेनू बदलायला लावणे हे माझे मुख्य काम झाले आहे. जुलैपासून लॉबस्टर कात टाकतो आणि मऊ कवचाचा माल भरपूर येतो. त्यात मांस कमी भरते आणि तो लांबचा प्रवास सोसत नाही, पण चव गोड असते. तो जवळच्या रेस्टॉरंटांनी घ्यावा आणि कडक कवचाचा माल दूरच्या शहरांसाठी राखावा, असा माझा आग्रह असतो. एक नांगी तुटलेल्या लॉबस्टरला इथे ‘कल’ म्हणतात. ताटात अख्खा मांडता येत नाही म्हणून त्याचा दर कमी असतो, पण सूप, पास्ता किंवा रोलमध्ये कोणाला फरक कळणार? हिवाळ्यात इथल्या होड्या थंडावतात आणि कॅनडातील नोव्हास्कोशियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचा, नोव्हेंबरअखेर सुरू होणारा हंगाम बाजार सांभाळतो. तो माल मेनचा म्हणून मेनूवर लिहू नका, असे मी प्रत्येक शेफला आवर्जून बजावतो. फेब्रुवारी ते एप्रिल या टंचाईच्या महिन्यांत तर काही दिवस लॉबस्टर मेनूवर ठेवूच नका, असेही मी सांगतो, आणि विक्रेत्याने ते सांगावे याचे अनेकांना नवल वाटते.

पुढचा मार्ग उभा दोरच काढून टाकण्याचा आहे. दोर पिंजऱ्यासोबत तळाशी गुंडाळलेला राहतो, होडीवरून ध्वनिसंकेत दिला की सुटतो आणि बोया वर येतो. त्याच्या चाचण्या सुरू आहेत. उपकरणे महाग आहेत, आणि पृष्ठभागावर बोयाच दिसत नसल्याने एकाच्या पिंजऱ्यांवर दुसरा आपले पिंजरे टाकून बसेल, ही मच्छीमारांची शंका अगदी रास्त आहे. अमेरिकी काँग्रेसने २०२२ च्या अखेरीस केलेल्या तरतुदीमुळे देवमाशांसाठीचे नवे संघीय निर्बंध २०२८ संपेपर्यंत लांबले आहेत. तेवढ्या अवधीत या उपकरणांचा खर्च एकट्या होडीवाल्याच्या माथी न मारता आमच्यासारख्या घाऊक विक्रेत्यांनी आणि ताटामागे चांगला नफा कमावणाऱ्या रेस्टॉरंटांनीही उचलावा, हा विषय मी आता दरांच्या बोलण्यातच काढतो; पौंडामागे काही सेंट अधिक द्यायला तयार झालेले शेफ अजून मोजकेच आहेत.