समुद्रावर न रमलेला नौदल अधिकारी

समुद्रसत्तेवरील ग्रंथामुळे पुढे नावाजलेले आल्फ्रेड थेयर मॅहन यांनी अमेरिकी नौदलात सुमारे चाळीस वर्षे काढली आणि त्यांतला बराचसा काळ ते चारचौघांसारखे अधिकारी होते. त्यांचे वडील वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्राध्यापक होते आणि आपला मुलगा लष्करी पेशापेक्षा नागरी व्यवसायालाच योग्य आहे, असे त्यांचे मत होते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मॅहन यांनी वडिलांचे म्हणणे बरोबरच होते, असे मोकळेपणाने लिहून टाकले आहे. तरीही १८५६ मध्ये ते ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत दाखल झाले, १८५९ मध्ये आपल्या तुकडीत दुसरे आले आणि पुढे यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांवर, बहुतांशी कंटाळवाण्या गस्तीत, त्यांची उमेदीची वर्षे गेली. जहाज हाकण्यात त्यांची फारशी ख्याती नव्हती. वाफेवर चालणाऱ्या नव्या जहाजांपेक्षा त्यांना शिडांची जुनी जहाजे प्रिय होती आणि खरे सांगायचे तर कोणत्याही जहाजापेक्षा पुस्तके अधिक प्रिय होती.

१८८४ साली ते ‘वाचुसेट’ नावाच्या जुनाट जहाजाचे कप्तान म्हणून पेरूच्या किनाऱ्यावर अडकून पडले होते. त्याच सुमारास कमोडोर स्टीफन ल्यूस यांनी न्यूपोर्ट येथे नौदल युद्ध महाविद्यालय उभारायला घेतले होते आणि तेथे नौदल इतिहास शिकवण्यासाठी त्यांनी मॅहन यांना बोलावले. तयारी म्हणून मॅहन लिमा शहरातील इंग्लिश क्लबच्या ग्रंथालयात मॉमसेन यांचा रोमचा इतिहास वाचत बसले, आणि तेथे त्यांना एक प्रश्न पडला: रोमवर चालून गेलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला आल्प्स ओलांडून जाण्याऐवजी समुद्रमार्गे इटलीत उतरता आले असते, तर काय झाले असते? समुद्र रोमच्या ताब्यात असल्यामुळे हॅनिबलला खुष्कीची वाट धरावी लागली आणि त्या वाटेवर त्याचे कसलेले सैन्य झिजले, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाचे मूळ या प्रश्नात आहे.

न्यूपोर्टचे महाविद्यालय एका जुन्या गरीबखान्याच्या इमारतीत भरत असे. १८८६ मध्ये ल्यूस समुद्रावर परतले आणि मॅहन तेथील अध्यक्ष झाले. तेथील व्याख्यानांतूनच १८९० साली १६६० ते १७८३ या काळावरचा, समुद्रसत्तेचा, म्हणजे समुद्रावरील वर्चस्वाचा, इतिहासावर झालेला प्रभाव मांडणारा ग्रंथ तयार झाला. भौगोलिक स्थान, किनाऱ्याची रचना, प्रदेशाचा विस्तार, लोकसंख्या, लोकस्वभाव आणि शासनाचे स्वरूप हे त्यांनी सांगितलेले समुद्रसत्तेचे सहा घटक पाठ्यपुस्तकांत अजूनही घोकले जातात. मला मात्र हा भाग ग्रंथातला सर्वांत कमी जिवंत भाग वाटतो.

१८९३ मध्ये त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना ‘शिकागो’ या क्रूझरवर पाठवण्यात आले. त्या जहाजावरील त्यांचे वरिष्ठ, रिअर ॲडमिरल एर्बेन, यांनी गोपनीय अहवालात मॅहन यांना जहाजाच्या कामात रस नाही, असा शेरा मारला. आणि त्याच दौऱ्यात, १८९४ मध्ये, ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्याच होत्या, असे मला वाटते. १८९६ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९०२ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. थिओडोर रूझवेल्ट त्यांचे चाहते होते. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म यानेही ग्रंथ झपाटल्यासारखा वाचला. मात्र आरमार वाढवण्यासाठी ज्यांना आधार हवा होता, त्यांनी त्यातून नेमके तेवढेच उचलले.

आपल्याकडील भाषणांत आणि लेखांत ‘हिंदी महासागर ज्याच्या ताब्यात, आशिया त्याच्या ताब्यात’ अशा अर्थाचे एक वाक्य मॅहन यांच्या नावावर हमखास येते. ते त्यांच्या लेखनात कोठेही सापडत नाही. खेदाची गोष्ट ही की हिंदी महासागरावर त्यांनी खरोखर जे लिहिले, ते आपण फारसे वाचत नाही. १८९० च्या त्या ग्रंथात फ्रेंच सेनानी सुफ्राँ आणि इंग्रज सेनानी ह्यूज यांच्यात १७८२-८३ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर आणि श्रीलंकेजवळ झालेल्या पाच लढायांचे सविस्तर विवेचन आहे. सुफ्राँ हा दोघांत अधिक धडाडीचा, पण या किनाऱ्यावर त्याला सुरुवातीला एकही हक्काचे बंदर नव्हते. १७८२ च्या ऑगस्टअखेर त्याने त्रिंकोमाली जिंकले, तरी त्या वर्षीचा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ काढायला त्याला सुमात्रातील आचेपर्यंत जावे लागले. ह्यूज मात्र दुरुस्तीसाठी सरळ मुंबईला आला, कारण तेथे गोदी होती. लढाईतील शौर्यापेक्षा तळ आणि डागडुजीची सोय यांना किती महत्त्व असते, हे मॅहन येथे कोणताही सिद्धान्त न घोकता दाखवतात, आणि म्हणूनच त्यांच्यातला इतिहासकार मला त्यांच्यातल्या सिद्धान्तकारापेक्षा मोठा वाटतो.

याच तर्काने थोडे मागे जावेसे वाटते. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. आणि त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. त्यानंतर मुंबईच्या समुद्रात इंग्रजांना तोलामोलाचे स्थानिक आरमार उरले नाही. सव्वीस वर्षांनी ह्यूजची जहाजे मुंबईच्या गोदीत निर्धास्तपणे दुरुस्त होऊ शकली, त्यामागच्या कारणांत मी विजयदुर्गचेही नाव घालीन.