एमएच १० ची पांढरी ऑटोमॅटिक

जुनी गाडी घ्यायच्या आधी ती तपासून द्यायची, हे माझं काम. पुण्यात करतो. गिऱ्हाइकाचा फोन आला की स्कॅनर, रंगाची जाडी मोजायचा पेंट मीटर, टॉर्च घेऊन यार्डात जायचं आणि गाडी पार उलटीपालटी करून रिपोर्ट द्यायचा. आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न त्या गाडीबद्दल नसतोच, कंपनीबद्दल असतो. ही कंपनी टिकाऊ आहे ना? हिच्या गाड्या दगा देत नाहीत ना?

सासवडकडच्या काकांचं पण तेच. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, आयुष्यभर क्लच दाबून डावा गुडघा गेलेला, त्यामुळे ऑटोमॅटिकच पाहिजे होती, आणि कंपनी आधीच ठरलेली. नाव सांगत नाही पण आपल्याकडे ज्या कंपनीच्या गाडीला लोक डोळे झाकून पैसे देतात तसली. हडपसरच्या बाजूला एका यार्डात २०१८ ची पांढरी पेट्रोल ऑटोमॅटिक होती, ३८ हजार चाललेली, आणि यार्डवाला सकाळपासून मागे लागलेला की दुपारी दुसरी पार्टी येतेय, टोकन देऊन टाका. काका टोकनचे पैसे खिशात घालूनच आलेले.

काकांनी बोनेट उघडायला लावलं, गाडी स्टार्ट केली आणि कान देऊन उभे राहिले. म्हणाले, बाळा, इंजिनला आवाज नाही बघ, मलई चाललंय. आणि खरंच इंजिन मस्त होतं, कारण कंपनी खरंच चांगली इंजिनं बनवते, त्यात वाद नाही. पेंट मीटर लावला तर सगळे पॅनल १००-१२० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे कंपनीचा ओरिजिनल रंग, कुठे लांबी (पुट्टी) भरलेली नाही (भरलेली असली की आकडा कितीतरी वर जातो, लपत नाही). काचांवर छापलेली बनावटीची वर्षं एकसारखी. मीटर मागे केलेलं असेल म्हणून स्कॅनरने गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेलं रनिंग बघितलं, ते पण जुळलं. साधारण माणूस जेवढं तपासतो त्या सगळ्यात गाडी पास.

मला खटकलं ते डॅशबोर्डवर. चावी ऑन केली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे, सिस्टीम स्वतःला तपासते तेव्हा. इथे तो लागलाच नाही. लोक बघतात दिवा पेटलेला राहतोय का, पण मुळात पेटतोय का हे कोणी बघत नाही. न पेटणारा दिवा म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असतो. आणि एअरबॅगचं युनिट बसवलेलं असतं कुठे, तर मधल्या कन्सोलखाली, फ्लोअरवर. गाडीत पाणी शिरलं की पहिल्यांदा बुडणाऱ्या वस्तूंत ते असतं.

नंबर एमएच १०, म्हणजे सांगली. सर्व्हिस हिस्ट्री जुलै २०१९ पर्यंत अगदी वेळच्या वेळी, त्यानंतर काहीच नाही, आणि आरसी वर्षाअखेरीस दुसऱ्या नावावर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. कितीतरी गल्ल्यांत गाड्या जागच्या जागी बुडाल्या. मग मी पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा स्वच्छ धुतलेला, पण आत गुंडाळलेला शेवटचा भाग, जो रोजच्या वापरात बाहेर येतच नाही, तिथे मातकट डाग आणि एक सरळ रेघ. सीट ज्यावर मागेपुढे सरकते त्या रेलला गंज, बोल्ट खोलल्याच्या खुणा, मॅटिंग नवीन पण त्याखालचा फोम ठिकठिकाणी कडक. साईडचं प्लास्टिक थोडं उचकटलं तर वायरिंगच्या कपलरवर हिरवा थर. कमी रनिंग का, तेही कळलं, गाडी कितीतरी महिने उभीच होती.

काकांना बोलावून बेल्ट दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, त्या पुरात मी एसटी घेऊन सांगलीच्या वाटेवर पेठ नाक्याला अडकलेलो, पुढे जाताच येत नव्हतं. यार्डवाला म्हणायला लागला आम्ही पण लिलावातून घेतली, इंजिन तर बघा ना. अरे इंजिन बघून काय करू, ज्या दिवशी धडक होईल त्या दिवशी एअरबॅग उघडणार नाही आणि आत ह्या माणसाची बायको बसलेली असेल!

ह्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. सरकारच्या वाहन पोर्टलवर मालक कितवा, इन्शुरन्स कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, सगळं दिसतं. पण इन्शुरन्स कंपनीने टोटल लॉस म्हणून पैसे देऊन भंगारात काढलेली गाडी परत रस्त्यावर आलीय हे घेणाऱ्याला तिथे दिसत नाही. अमेरिकेत नव्या गाडीसाठी राज्याराज्यांत लेमन लॉ आहेत, वॉरंटीत परत परत रिपेअर करून तोच बिघाड राहिला तर कंपनीला गाडी बदलून किंवा पैसे परत द्यावे लागतात. आपल्याकडे वेगळा कायदा नाही, ग्राहक आयोगात जाऊन दोष सिद्ध करत बसायचं.

चहा घेताना काका परत कंपनीवरच आले, दुसऱ्या एका कंपनीचं नाव काढल्यावर तोंड वाकडं केलं. मी त्यांना १.३ मल्टिजेटचं सांगितलं. फियाटचं ते डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायरमध्ये होतं, इंडिका व्हिस्टामध्ये होतं आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटो, लिनियात पण होतं. स्विफ्टला लोकांनी बिनधास्त म्हणलं आणि पुंटोला डोकेदुखी, का तर पार्ट मिळायला वेळ आणि सर्व्हिस सेंटर लांब. ते कारण खोटं नाही, माझ्या मते गावाकडच्या माणसाने तेच आधी बघावं, पण त्याला इंजिनचा दोष म्हणू नका. आणि टिकाऊपणाचे जे सर्व्हे निघतात त्यातले बरेच १०० गाड्यांमागे तक्रारी मोजतात, त्यात ब्लूटूथ जोडलं जात नाही ही पण एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसला ही पण एकच. कंपनीचा सरासरी आकडा त्यातून कळतो. समोर उभी असलेली गाडी पाण्यात होती का, तेल वेळेवर बदललं का, हे कसं कळणार.

काकांनी टोकन दिलं नाही. नंतर घेतली ती त्याच नावडत्या कंपनीची, एमएच १२, एका मास्तरांकडची. सगळी बिलं फाईलला लावलेली, चासी नंबर कंपनीच्या साईटवर टाकून बघितला तर रिकॉल (दोष काढायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी नाही, क्लच किट बदलल्याचं बिल पण होतं (ही पण ऑटोमॅटिकच, आत क्लच असतो पण तो गाडी स्वतःच दाबते, पायाला पेडल नाही). मागचा एक शॉकअप गळत होता, त्याचे पैसे किमतीतून कमी करून घेतले.