वमनानंतरची बारा जेवणं

फेब्रुवारी संपत आला की पुण्यात गल्लोगल्ली वासंतिक वमनाचे, म्हणजे वसंतात औषध देऊन उलट्या करवून कफ काढायच्या आयुर्वेदिक उपचाराचे, बोर्ड दिसायला लागतात, व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतात, आणि मला दर वर्षी दोन-तीन मैत्रिणींचे फोन येतात की तू केलंयस ना गं, फार त्रास होतो का, किती उलट्या होतात. सगळे प्रश्न त्या एका सकाळचे. नंतरच्या आठवड्याबद्दल आजवर एकीनेही विचारलेलं नाही, आणि मला तर तेच सांगायचंय.

माझं दुखणं तसं साधंच पण चिवट. थंडी सरून ऊन तापायला लागलं की सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाक गच्च, डोकं जड, आणि जेवणावर वासना नाही. गोळी घेतली की दिवसभर झोप. आमच्या वैद्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं ते मला एकदम पटलं. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठून बसतं आणि मार्चमध्ये आपोआप पातळ होतं ना, तसंच थंडीभर साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पाघळतो आणि अग्नी, म्हणजे पचनाची ताकद, मंद करतो. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, ऋतुचर्येच्या अध्यायात वाग्भटांनी हेच लिहिलंय. त्याच ग्रंथात महिनेसुद्धा दिलेत, चैत्रात कफ काढायचा, श्रावणात वात, कार्तिकात पित्त, म्हणून वसंतात वमन, पावसाळ्यात बस्ती (औषधी एनिमा) आणि शरदात विरेचन (जुलाबाचं औषध). हल्ली जे बारा महिने डिटॉक्स डिटॉक्स चालू असतं त्यापेक्षा मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण यात कधी काढायचं याला काय काढायचं याइतकंच महत्त्व आहे.

पहिल्यांदा केलं २०२३ मध्ये. आधी तीन दिवस पाचनाची औषधं, मग पाच दिवस स्नेहपान, म्हणजे सकाळी उपाशीपोटी औषधी तूप, ३० मिलीपासून सुरू करून रोज ३० ने वाढवत शेवटच्या दिवशी १५०. वर फक्त गरम पाणी घोट घोट, आणि कडकडून भूक लागेपर्यंत काही खायचं नाही. पहिले दोन दिवस काही वाटत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र तुपाची वाटी समोर आली तरी नको नको होतं, आणि वैद्यांना तेच हवं असतं, तुपाचा तिटकारा आला, पोट तुपकट साफ झालं, कातडी मऊ झाली की स्नेहन नीट झालं असं धरतात. मग मधला एक दिवस अंगाला तेल, वाफ, आणि खायला दहीभात, उडदाचे वडे, खीर, केळं, सगळं कफ वाढवणारं. ज्याला बाहेर काढायचं त्याला आधी सुटं करून वर आणायचं असतं, म्हणून हे.

वमनाची सकाळ खरंच सांगते तेवढी भयानक नाही. परत तेल आणि वाफ, मग पोट गच्च होईपर्यंत दूध, मग मदनफळाचं चाटण (आपल्याकडे त्याला गेळफळ म्हणतात), आणि त्यावर ज्येष्ठमधाचा काढा ग्लासावर ग्लास. पाठीवरून हात फिरवणारी एक ताई होती, मध्ये मध्ये बीपी बघत होते, किती आत गेलं किती बाहेर आलं सगळं मोजून लिहीत होते. आठ वेग, म्हणजे उलटीचे जोर, झाले आणि शेवटी कडू हिरवट-पिवळं पित्त आलं तेव्हा थांबवलं. आठ म्हणजे उत्तम शुद्धी, सहा मध्यम, चार कमी. बाहेर आले तेव्हा डोकं इतकं हलकं होतं की मी गाडीत बसून नवऱ्याला म्हटलं, झालं बाई एकदाचं.

आणि तिथेच चुकलं. कारण काहीच झालेलं नव्हतं, निम्मंच झालं होतं.

हातात एक कागद दिला होता, संसर्जन क्रम, म्हणजे वमनानंतर पातळ पेजेपासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचा क्रम. त्यात सात दिवस, १२ जेवणं. त्या संध्याकाळी एक आणि पुढे रोज दोन. पहिली तीन जेवणं पेया, म्हणजे एक वाटी जुन्या तांदळाला चौदा वाट्या पाणी, शितं कमी आणि पाणी जास्त. पुढची तीन विलेपी, तोच तांदूळ पण चार वाट्या पाण्यात, मऊ आसट. मग मुगाचं कढण, आधी नुसतं, तेल तूप तिखट काही नाही, नंतर तुपाची जिऱ्याची फोडणी देऊन, मग मुगाची मऊ खिचडी. सातव्या दिवशी संध्याकाळी नेहमीचं जेवण. मी तो कागद फ्रिजवर लावला आणि मनात धरलं की हे जमेल तसं करायचं असतं.

वमन झालं २० मार्चला, आणि २२ ला गुढीपाडवा. तिसरा दिवस, विलेपीचा. सकाळी कडुनिंब, गूळ, ओवा, चिंच, हिंगाची चटणी खाल्ली, तीही खरं तर कागदात नव्हती. दुपारी पानात श्रीखंड-पुरी आली. घरचे म्हणाले एवढंसं खा सणाचं, आणि अंग इतकं बरं वाटत होतं की मला वाटलं आता काय होणार. दोन पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड. संध्याकाळपर्यंत पोट फुगून टम्म, रात्री जुलाब, अंगात कणकण, आणि पुढचे दोन दिवस उठून उभं राहिलं की भोवळ. घाबरून फोन केला. वैद्य अजिबात चिडले नाहीत, म्हणाले आज काही खाऊ नका, सुंठीचं कोमट पाणी घ्या, आणि उद्यापासून परत पहिल्या पेयेपासून.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. विझत आलेली चूल परत पेटवताना आपण थेट ओंडका टाकतो का, आधी वाळकं गवत, मग गोवरी, धग धरली की मग लाकूड. शोधन, म्हणजे अशी शरीराची सफाई, झाल्यावर जठराग्नी त्या एवढ्याशा निखाऱ्यासारखा असतो, आणि पेया म्हणजे ते गवत. ही उपमा जुन्या संहितांमधलीच आहे, त्यांनी श्लोकही म्हणून दाखवला. मी केलं काय तर निखाऱ्यावर ओला ओंडका टाकला, तोही वसंतात, तोही दह्याचा.

२०२४ ला केलंच नाही, धीर झाला नाही. २०२५ ला मात्र आधी कॅलेंडर काढून बसले. वमन १७ मार्चला ठेवलं म्हणजे २३ पर्यंत क्रम पूर्ण आणि पाडवा ३० ला, मध्ये मोकळा आठवडा. होळी स्नेहपानाच्या तिसऱ्या दिवशी आली, घरात पुरणपोळीचा वास आणि मी ९० मिली तूप पिऊन गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसलेले, पण यावेळी मन चळलं नाही. रजा नुसती वमनाच्या दिवसाची नाही तर त्यानंतरच्या चार दिवसांचीही घेतली. तुम्ही करणार असाल तर हे नक्की करा, वमनाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पेया मिळत नाही.

आणि यावेळी सासूबाई होत्या. त्या मालवणच्या. मी पहिल्या संध्याकाळी चौदा वाट्या पाणी मोजत होते तर त्या बघून म्हणाल्या, "अगो, ही तर आमची रोजची पेज, हिका औषध कोण म्हणता?" त्यांनी तांदूळ आधी कोरडेच जरा भाजून घेतले, मंद आचेवर ठेवले, किंचित सैंधव घातलं आणि वाडग्यात आणून दिलं. पहिला घोट घेतला आणि खरं सांगते, तांदळाला गोड चव असते हे मला चाळिशीत कळलं. चौथ्या जेवणाला विलेपी आली तेव्हा ती मेजवानी वाटली. पाचव्या दिवशी मुगाच्या कढणाला तुपात जिरं तडतडलं त्या वासाने भूक अशी खवळली की किती वर्षांत तशी लागली नव्हती. ती भूक हेच माझ्या लेखी शुद्धीचं खरं लक्षण. शिंका त्या उन्हाळ्यात बऱ्याच कमी झाल्या, पण मला जपून ठेवावीशी वाटते ती ही भूक.

एक गोष्ट कळकळीने सांगते. व्हिडिओ बघून घरी मीठपाणी पिऊन उलट्या काढणं म्हणजे वमन नव्हे, कृपा करून ते करू नका. गरोदर बायका, लहान मुलं, फार म्हातारी माणसं, हृदयविकार किंवा वाढलेलं बीपी असलेले, यांच्यासाठी हे नाहीच. बाकीच्यांनीही नाडी, पोट, ताकद सगळं तपासणाऱ्या पंचकर्म शिकलेल्या वैद्यांकडेच जावं, आणि ते संसर्जन क्रमाबद्दल दोन वाक्यांत बोलून मोकळे झाले तर मी तरी दुसरे वैद्य बघेन.

परवा एकीचा फोन आला, शनिवारी वमन करून सोमवारी ऑफिसला जाता येईल का. मी तिला म्हटलं नको, सुट्ट्या जुळेपर्यंत थांब, आणि हे वर्ष तसंच गेलं तर रात्रीचं जेवण लवकर घे, दुपारची झोप सोड, दही बंद कर, सकाळी चालायला जा. तिने विचारलं पेज कशी करायची. मग मी फोन सासूबाईंकडे दिला.